आजोबांच्या खुर्चीवरचा झेंडू

माझ्या बाबांची शोकसभा घोडपदेवला झाली, तेव्हा ते स्वतः पहिल्या रांगेत बसले होते आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत होते. हे वाचून कुणाला मी वेडी वाटले तर खुशाल वाटू दे. गोष्ट घडलेली आहे आणि ती एका कुत्र्यापासून सुरू होते. पण कुत्र्याच्या आधी आमच्याबद्दल थोडं सांगायला हवं.

मी एका मराठी वर्तमानपत्रात रोज चित्रकथा काढते. तीन चौकटी, एक कुटुंब. उपनगरातल्या एका सोसायटीतला ब्लॉक, त्यात आजोबा, मुलगा, सून आणि नात. ही कथा इतकी वर्षं चालली आहे की सुरुवातीला सासऱ्यांच्या बाजूने काढलंत म्हणून माझ्यावर चिडणाऱ्या सुना आता स्वतः सासवा झाल्या आहेत आणि सुनेच्या बाजूने काढता म्हणून चिडतात. लोकांना वाटतं मी तिकडेच कुठेतरी राहते. मी राहते डिलाईल रोडला, ज्या चाळीत जन्मले त्याच चाळीत, त्याच खोलीत. उपनगराची माझी सगळी माहिती मावशीच्या घरी वर्षातून एकदोनदा जेवायला जाण्यातून आलेली.

त्यामुळे चुका व्हायच्याच. अगदी सुरुवातीपासून माझ्या चित्रांतल्या ब्लॉकचं दार कायम सताड उघडं असायचं. शेजारीण बेल न वाजवता थेट ओट्यापर्यंत यायची, पातेल्यावरचं झाकण उचलायची आणि आमटीला नाव ठेवून जायची. एका वाचकाने फोन करून सांगितलं, "बाई, आमच्याकडे असं कुणी येत नाही हो." मी ओशाळून दार बंद करायला निघाले, तर बाबा म्हणाले, "येणत नाय म्हणानच तर वाचतत. उघडा ठेव." दार उघडं राहिलं ते आजतागायत.

चित्रातले आजोबा म्हणजे आमचे बाबा, जसेच्या तसे. लांबलचक नाक, काळी टोपी, बारा महिने काखेत छत्री. बाबा गिरणीत साच्यावर होते, साचा म्हणजे कापड विणायचा माग. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचं वय काम करण्याचं होतं आणि करायला काम नव्हतं. पुढे मिळेल ते करत राहिले, पण मन रमलं नाही. मग माझी चित्रकथा सुरू झाली आणि त्यांना नोकरी लागली.

नोकरीच म्हणते मी. रोज सकाळी गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसून पेपर उघडायचा, पहिल्या पानावर जगात काय जळतंय ते ओलांडून आधी माझ्या चौकटींवर जायचं, मोठ्याने वाचायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचं. ते झालं की टोपी घालून बाहेर. "आज काय मटेरियल होया?" असं विचारून जायचे. मटेरियल म्हणजे चित्रासाठी विषय; हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता. एकदा समोरच्या टॉवरमध्ये शिरले. तो टॉवर त्यांच्या गिरणीच्या जागेवर उभा आहे. वॉचमनला म्हणाले, माझा साचा नेमका कुठल्या फ्लॅटखाली होता ते बघायचंय. वॉचमनने काठी आपटली, मग चहा पाजला, आणि शेवटी लिफ्टने वरखाली फिरवून आणलं. दुसऱ्याच आठवड्यात चित्रातल्या आजोबांनी सोसायटीची लिफ्ट अडवून धरली आणि आख्ख्या विंगला जिन्याने चढवलं. बाबा त्या दिवशी चाळीत असे फिरत होते की बोनस वाटतायत की काय!

चित्रातला मुलगा मात्र कोण, हे फार जणांना ठाऊक नाही. टक्कल पडलेला, चष्मा लावणारा, दूध उतू घालवणारा, किल्ली विसरणारा तो बँकेतला इसम म्हणजे मी. कथा सुरू करताना तेव्हाच्या संपादकांनी चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, "मुलगा-सून ठेवा. लग्न न झालेली मुलगी घरात दाखवली की वाचक हिचं पुढे काय, हिचं पुढे काय, असं विचारत बसतात." मला रागच आला होता. पण काम हवं होतं, म्हणून मी स्वतःचे केस काढून टाकले आणि शर्ट-पॅंट घातली. बाबांनी पहिला अंक पाहिला, टकल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ह्यो कोण? तुझो भाव?" तेव्हापासून आमच्या घरात मला एक भाऊ झाला. "तुझो भाव आज परत छत्री इसारलो." "तुझ्या भावाक साहेबान झापल्यान." मी हसायचे. बाबाही हसायचे, पण थोडं कमी.

आता कुत्रा.

गेल्या वर्षी गणपतीच्या जरा आधी पुरवणीच्या नव्या प्रमुख मुलीचा फोन आला. मुलगी गोड होती, त्यामुळे तिच्यावर ओरडताही येईना. "मॅम, स्ट्रिप छानच आहे, पण थोडी फ्रेश करू या ना. आता टू बीएचकेमध्ये आजोबा कुठे असतात? त्यांच्या जागी एक डॉगी आणला तर? पेट्सना सध्या जाम रीच आहे."

"डॉगी?"

"हो ना. क्यूट असा. नाहीतर मॅम, वरून असं येतंय की जागाच दुसऱ्या कशाला तरी द्यावी."

मी फोन ठेवला आणि भांडी इतकी जोरात घासली की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली. माझ्या बापाच्या जागी कुत्रा! पण कथाच बंद झाली असती तर बाबांच्या सकाळचं काय झालं असतं? म्हणून मी मधली वाट काढली. चित्रातल्या आजोबांना गणपतीसाठी कोकणात पाठवलं. चाळीतली निम्मी माणसं जातातच, कुणाला वावगं वाटलं नाही. बाबांना मी सांगितलं, थोडे दिवस गावी राहू देत, मला कथेत बदल हवाय.

दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, गौरींबरोबरचे, सगळे गणपती पाण्यात गेले. "इल्लो काय तो?" ते चित्रातल्या आजोबांबद्दल रोज विचारायचे. मग एके दिवशी तिसऱ्या चौकटीत कुत्रा आला आणि बाबांनी विचारणं बंद केलं.

मटेरियल आणायला जाणंही बंद झालं. मासळीवालीशी हुज्जत नाही, टॉवरच्या वॉचमनला रामराम नाही. पेपर घडी न उलगडता मांडीवर. चहावर साय धरायची. एक माणूस आयुष्यात दोनदा बेकार झाला आणि दुसऱ्या वेळेला मी केला, हे मला दिसत होतं. मला भीती वाटायला लागली. ऐंशी उलटलेला माणूस असा गप्प बसला की ते गप्प बसणं कुठवर जाईल, सांगता येत नाही. त्यांना परत टोपी घालून जिना उतरताना बघायचं, एवढंच मला हवं होतं.

आणि दसरा आला.

गिरणीत दसऱ्याला साच्यांना झेंडूच्या माळा घालायचे. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, तरी बाबांच्या माळा सुटल्या नाहीत. आमच्याकडे दसऱ्याला मिक्सरला माळ, इस्त्रीला माळ, गॅलरीतल्या नळाला माळ, काकूंच्या शिवणयंत्राला माळ, माझ्या चित्राच्या टेबलाला माळ. आणि शेवटची, सगळ्यात जाड माळ आरामखुर्चीला. "ज्याच्यार बसान माणूस काम करता, ता त्याचा यंत्र," असं त्यांचं शास्त्र. मला लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलंय की खुर्चीला माळ घालतात याचं कुणाला काही वाटेल, हे माझ्या डोक्यातच येत नाही.

चित्रं आम्ही काही दिवस आधी पाठवून ठेवतो. दसऱ्याच्या चित्रात मी पहिल्या चौकटीत टीव्हीला माळ घातली, दुसऱ्या चौकटीत वॉशिंग मशीनला आणि तिसऱ्या चौकटीत आजोबांच्या रिकाम्या आरामखुर्चीला. खाली कुत्रा, मान वर करून माळेकडे बघणारा. शब्द नाहीत. त्याला झेंडू खायचाय, असा माझा विनोद होता. पण मला कुत्रा काढता येत नाही. माझा कुत्रा काहीही करत असला तरी आत्ताच स्मशानातून आल्यासारखा दिसतो.

त्या दिवशी सकाळी बाबांनी घरात सगळ्या माळा घातल्या, फक्त खुर्चीला घातली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिचा काम बंद झाला." मी मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारून आले.

तेवढ्यात फोन वाजायला लागला.

पहिला फोन दादरच्या एका निवृत्त बाईंचा. त्या हुंदके देत होत्या. "गावी गेले म्हणून दाखवलंत, आम्ही वाट बघत होतो हो! शेवटी माळच?" मला काही कळेना. दुसरा फोन फणसवाडीच्या एका गृहस्थांचा. ते शांत होते, पण ठाम. "जे झालं ते झालं. आता दहावं-तेरावं व्यवस्थित दाखवा. हल्ली सगळे तीन दिवसांत उरकतात, तसं करू नका." तिसऱ्या फोनला मी समजावायला सुरुवात केली की ते दसऱ्याचं आहे, यंत्राची पूजा आहे. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, स्वतःला सावरा."

एव्हाना काकू गॅलरीतून धावत आल्या. त्यांच्या बहिणीने बोरिवलीहून फोन केला होता. आल्या त्या थेट बाबांसमोर उभ्या राहिल्या. "भावजी, तुमी हय चाय पितास आणि थय लोक रडतत!"

"कोण मेलो?" बाबांनी विचारलं.

"तुमीच!"

बाबांनी बऱ्याच दिवसांनी पेपरची घडी उलगडली. चित्राकडे बघितलं. रिकामी खुर्ची, माळ, कुत्रा. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघते तर हसत होते, नाकातून चहा येईपर्यंत हसत होते.

पुढच्या दोन-तीन दिवसांत कहर झाला. चाळीच्या ग्रुपवर एक फोटो आला. घोडपदेवच्या एका मंडळाने नाक्यावर फ्लेक्स लावला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये माझ्या चित्रातले आजोबा, आणि खाली शोकाकुल म्हणून मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, गॉगलसकट, मयतापेक्षा मोठे. रविवारी संध्याकाळी शोकसभा.

बाबांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "चेहरो बरो इलोहा," म्हणाले. मग उठले, खुंटीवरची टोपी काढली, झटकली. "टॅक्सी सांग. आपल्याक जावक होया."

"बाबा, तिथे जाऊन काय करणार?"

"काय म्हणजे? माणसा इतक्या लांबसून माझ्यासाठी येतली आणि मी नको?"

काकूही निघाल्या, पांढऱ्या साडीत. शोकसभा ती शोकसभा, म्हणाल्या. टॅक्सी चिंचपोकळीच्या पुलावर आली तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो कुत्रो तुझ्या डोक्यातलो नाय. माका म्हायत आसा."

मी दचकले. "कसं?"

"तुका कुत्रो काढूक येणा नाय. स्वताहून कशाक काढशीत?"

मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. समोर आजोबांचा मोठा फोटो, म्हणजे माझंच चित्र, त्याला गुलाबाचा हार, पुढे निरांजन आणि उदबत्ती. ओळखू येऊ नये म्हणून बाबांनी टोपी खिशात घातली होती आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले होते. दोन मिनिटं शांतता पाळायची म्हणून सगळे उभे राहिले, बाबाही राहिले. खाली बसताना माझ्या कानाशी आले. "एकातच आटपल्यानी. गिरणीत दोन म्हणजे दोन असत."

मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. गळ्यात जाड साखळी असलेला धिप्पाड माणूस, पण आवाज कापत होता. "आपली निम्मी पोरं तिकडे ब्लॉकमध्ये राहायला गेली. आठवड्याला एक फोन, तो पण चालू गाडीतून. ती तिकडे कशी राहतात, काय खातात, कशावरून भांडतात, हे आपल्याला रोज या चित्रांनी सांगितलं. त्या घरात एक म्हातारा होता म्हणून आपल्याला वाटायचं, आपण पण उद्या तिकडे गेलो तर आपल्याला खुर्ची मिळेल." हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. एवढं सगळं माझ्या तीन चौकटींत होतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग दुसरे वक्ते उठले आणि त्यांनी घोटाळा केला. म्हणाले, "आजोबांचा स्वभाव शांत आणि सोशिक होता. ताटात पडेल ते गोड मानून खायचे. कधी कुणाला उलट बोलले नाहीत."

"कोण शांत?" बाबा मोठ्याने म्हणाले.

मी त्यांचा सदरा ओढला. उपयोग शून्य. बाबांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली, छत्री काखेत मारली आणि उभे राहिले. "आमटीत कोकम नसेल तर मी ताट सरकवतो! खोटं कशाला सांगताय?"

सगळा हॉल आधी बाबांकडे बघायला लागला, मग चित्राकडे, मग परत बाबांकडे. तेच नाक. तीच टोपी. तीच छत्री. मागच्या रांगेतली एक बाई किंचाळली आणि तिने शेजारणीला मिठी मारली. वक्त्यांच्या हातातून माईक सुटला, तो जमिनीवर पडून कुंई करून ओरडला. "आजोबा," ते कसेबसे म्हणाले, "तुम्ही... इथे?"

"माझीच सभा ना?" बाबा म्हणाले. "आणि चहात साखर कोणी घातली नाही?"

मग जो गोंधळ उडाला तो मला नीट सांगता येणार नाही. कुणी पाया पडतंय, कुणी सेल्फी काढतंय, कुणी निरांजन विझवायचं की तसंच ठेवायचं यावरून वाद घालतंय. काकू सगळ्यांना ओरडून सांगत होत्या की ती यंत्राची पूजा होती, खुर्चीची, दसऱ्याची. जुन्या गिरणीवाल्यांना ते एका क्षणात कळलं आणि ते कपाळावर हात मारून हसत सुटले. अध्यक्षांनी चित्रावरचा हार काढला, इकडेतिकडे बघितलं आणि तो बाबांच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. "बोला, आजोबा, दोन शब्द बोला," असा पुकारा झाला.

समोर माणसं जमली की बाबांची मालवणी मागे सरते आणि गिरणीच्या गेटवरच्या सभांमधली मराठी पुढे येते. त्यांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, मी मेलेलो नाही. मला कामावरून कमी केलं होतं." हशा. "माझ्या जागी कुत्रा भरती केला." आणखी हशा. "कुत्र्यावर माझा राग नाही, तो पण पोटासाठीच आलाय. पण आज सगळे खरं खरं बोलतायत तर मी पण एक बोलतो. त्या चित्रांत माझं सगळं खरं आहे. नाक खरं, छत्री खरी, भांडणं खरी. एकच गोष्ट खोटी आहे. तिथे मला मुलगा दाखवलाय. मला मुलगा नाही." माझ्याकडे वळले. "मला ही मुलगी आहे. ती टकला माणूस म्हणून काढते ना, तो नाही. ही. घर हिने चालवलं, मला हिने सांभाळलं आणि हिलाच तेवढी त्या घरात जागा नाही."

मी रागीट बाई आहे, रडूबाई नाही. त्या दिवशी मात्र मी काकूंच्या पांढऱ्या साडीच्या पदराला नाक पुसलं आणि काकूंनीही काही म्हटलं नाही.

सभेचा व्हिडिओ घराघरांत पोचला. सोमवारी सकाळी पुरवणीच्या त्या गोड मुलीचा फोन. "मॅम, आजोबा जाम व्हायरल आहेत! वरून निरोप आलाय, लगेच परत आणा."

"आणते," मी म्हटलं. "पण एकटे येणार नाहीत."

"म्हणजे डॉगी पण ठेवायचा?"

"डॉगी राहू दे. बाबांची शिफारस आहे." आणि मग मी तिला सांगितलं, आणखी कोण येणार ते. "मॅम," ती म्हणाली, "इतकी वर्षं का नाही आणलंत?" मला तिच्यावर पुन्हा ओरडता आलं नाही.

ते चित्र काढायला मला इतर कुठल्याही चित्रापेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या चौकटीत उघडं दार, दारात आजोबा, हातात गावची पिशवी. दुसऱ्या चौकटीत ते खुर्चीवरची माळ काढून कुत्र्याच्या गळ्यात घालतात. तिसऱ्या चौकटीत त्यांच्या मागून एक बाई आत येते. पन्नाशीची, चष्मा, पिकलेले केस कसेतरी बांधलेले, खांद्याला झोळी. सून विचारते, "या कोण?" आजोबांच्या तोंडच्या मजकुराची जागा मी रिकामी ठेवली होती. मजकूर बाबांनी सांगितला आणि मी तसाच लिहिला. "हिचंच घर आहे. यायला जरा उशीर झाला."

चित्र छापून आलं त्या सकाळी बाबा माझ्या आधी उठले होते. मी चहा घेऊन गॅलरीत गेले तर खुर्चीला माळ होती, दसरा कधीच उलटून गेलेला असताना. बाबा खुर्चीत टेकून बसले होते, पेपर डोळ्यांशी धरून. तिसऱ्या चौकटीतल्या बाईला निरखत होते. "नाक माझाच काढलंस," म्हणाले.

मग टोपी घातली, पेपर उचलला आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दारात थांबत गेले. काकूंना दाखवलं, नळावर पाणी भरणाऱ्यांना दाखवलं, खाली उतरून मासळीवालीला दाखवलं, रस्ता ओलांडून टॉवरच्या वॉचमनलाही दाखवलं. ज्यांनी मला रांगताना पाहिलं होतं त्या सगळ्यांना ते तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवून आपल्या लेकीची नव्याने ओळख करून देत होते, "ह्या माझा चेडू."